ना चिखलणी, ना लावणी : गादीवाफ्यावरचा भात कसा करतात?

शहापूर/मुरबाड : पाऊस लांबला की राबातली रोपं पिवळी पडतात, आणि आला की सगळ्या गावाला एकाच आठवड्यात मजूर हवे असतात. घरची तरणी पोरं तर भिवंडीच्या गोदामांत. त्यामुळे लावणीच नको, असं सांगणारी एक पद्धत समजून घेण्यासारखी आहे. शेजारच्या कर्जत तालुक्यात नेरळच्या सगुणा बागेत शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी ती बसवली. नाव सगुणा भात तंत्र, म्हणजेच एसआरटी.

यात राब भाजायचा नाही, म्हणजे ऐनाच्या फांद्या तोडणंही वाचतं. पहिल्या वर्षी एकदाच नांगरून 136 सेंमी अंतरावर सऱ्या पाडायच्या आणि माथा 100 सेंमी राहील असे गादीवाफे करायचे. लोखंडी साच्याने 25-25 सेंमीवर भोकं पाडून प्रत्येकात 3-4 दाणे टाकायचे. बियाणं आधी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बुडवायचं. तरंगेल ते पोचट, काढून टाका. खालचं चांगल्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवा.

खरी गंमत कापणीनंतर आहे. मुळं उपटायची नाहीत, नांगर घालायचा नाही. मुळं जागीच कुजतात, त्यांच्या पोकळीतून हवा-पाणी खाली जातं, गांडुळं वाढतात. त्याच वाफ्यावर उरलेल्या ओलीवर वाल, हरभरा, मूग टोकायचा. पुढच्या पावसाळ्यात वाफे तेच, फक्त डागडुजी.

अडचण तणाची. चिखलणीत तण गाडलं जातं, इथे तसं होत नाही. म्हणून या पद्धतीत तणनाशक मारतात, आणि वेळ चुकली तर वाचलेली मजुरी खुरपणीत जाते. माती जपायची म्हणायचं आणि औषध मारायचं, हे काहींना खटकतं. ते अगदीच चुकीचं नाही. ग्लायफोसेटवर तर केंद्राने 2022 मध्ये निर्बंध आणले. तेव्हा दुकानदार म्हणतो म्हणून फवारू नका, कृषी सहायकांना विचारा.

दुसरी अडचण एकट्याने सुटत नाही. दिवाळीनंतर गुरं मोकाट सुटतात. एकट्याने वाल टोकला तर तो गुरांचाच. पाच-सहा शेजाऱ्यांनी लागून असलेल्या खाचरांत मिळून केलं तर राखण आळीपाळीने होते, साचा एकच पुरतो, आणि कुणाचं तण का माजलं हे बांधावर उभं राहून बघता येतं.

पहिल्याच वर्षी सगळं शेत घालू नका. 2-4 गुंठ्यांत करा, बाजूला नेहमीची लावणी ठेवा. वाफे मे महिन्यातच तयार हवेत, मुसळधार पावसात टोकलेलं बी कुजतं. झोडणीला दोन्हीकडचा भात वेगळा मोजा आणि मजुरीचा हिशेबही लिहून ठेवा.