खंड्या भुंकतो कुणावर?

रात्री अडीच वाजता आमचा खंड्या गॅलरीच्या जाळीला नाक लावून भुंकायला लागला, की घरातल्या कुणाला तरी उठावंच लागतं. बाहेर बघावं तर काळोख, आंब्याचं झाड आणि ओळीनं लावलेल्या स्कूटर. "काही नाहीये रे, झोप!" असं आपण सांगतो. पण आम्ही राहतो पुण्यात, वेताळ टेकडीच्या पायथ्याशी. इथे रात्री 'काही नाही' असं फारसं नसतंच.

सुरुवात नाकापासून. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण 50 ते 60 लाख. कुत्र्याच्या नाकात त्या कोटींत मोजाव्या लागतात. माग काढणाऱ्या ब्लडहाउंडकडे तर सुमारे 30 कोटी! आणि नुसता आकडा नाही, रचनाही अफलातून. तुमचं कुत्रं जमीन हुंगत असेल तेव्हा शेजारी बसून त्याचं नाक नीट पाहा. पुढे दोन गोल भोकं, आणि प्रत्येकाच्या कडेला स्वल्पविरामासारखी एक चीर. हवा आत जाते पुढून, बाहेर पडते त्या चिरेतून, बाजूला आणि मागे. त्यामुळे उच्छ्वासाच्या फुंकरीनं समोरचा वास उडून जात नाही. हे चालतं सेकंदाला पाचएक वेळा. खंड्या हुंगतो तेव्हा मातीवर दोन बाजूंना धुळीचे बारीक पंखे उमटतात, ते याच चिरांचे.

नाकाचा शेंडा गारेगार का असतो? स्वीडन आणि हंगेरीच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवून दिलं, की तो शेंडा लांबूनच ऊब ओळखतो. शिकवलेल्या तीन पाळीव कुत्र्यांनी 1.6 मीटरवरून कोमट वस्तू निवडून काढली. अंधारातलं उबदार अंग, म्हणजे उंदीर किंवा चिचुंद्री, खंड्याला नाकानंच कळत असणार असं मला तरी वाटतं.

आता कान. आपल्याला ऐकू येतं 20,000 हर्ट्झपर्यंत, कुत्र्याला साधारण 45,000 पर्यंत. घाबरलेला उंदीर ओरडतो तो 22,000 च्या आसपास. म्हणजे गटारात आरडाओरडा चालू असतो, आपण ढाराढूर झोपलेलो असतो आणि खंड्या मात्र कान टवकारून उभा! फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं 1876 मध्ये अशीच तीव्र सुरांची शिट्टी बनवली. ती काठीत बसवून तो प्राण्यांजवळ वाजवत फिरायचा आणि कोण दचकतं ते बघायचा.

डोळ्यांत मात्र आपण थोडे सरस. कुत्र्याला निळा-पिवळा कळतो, लाल-हिरव्यात गोंधळ होतो. हिरवळीवर लाल चेंडू टाकलात तर तो नाकानं शोधतो. पण संधिप्रकाशात काही हललं, तर आपल्याआधी त्यालाच दिसतं.

रात्री येणाऱ्यांत माझा सगळ्यात लाडका पाहुणा म्हणजे उदमांजर. ते येऊन गेल्यावर मागे राहणारा वास अनेकांना शिजत्या आंबेमोहोर भातासारखा वाटतो. वाघाचंही तसंच. बासमतीला सुगंध देणारं रसायनच वाघाच्या हद्द आखणाऱ्या फवाऱ्यात भारतीय संशोधकांना सापडलं. भाताच्या वासावर कुत्रं खवळलं, तर आता नवल वाटू नये.

भुंकण्याकडेही कान द्या. अनोळखी चाहूल लागली की भुंकणं खालच्या पट्टीत, खरखरीत, एकामागोमाग एक. एकटं पडलं की चढ्या सुरात, थांबून थांबून. आणि एकाच जागी, जमिनीकडे तोंड करून, मागेपुढे होत भुंकत असेल, तर पायात चपला घालून टॉर्च घ्या आणि आधी त्याला लांब ओढा. पालापाचोळ्यात घोणस असू शकते. तिचा फुत्कार कुकरच्या शिट्टीसारखा जोरात येतो, पण तोवर कुत्र्याचं नाक फार जवळ पोचलेलं असतं.

परवा पुन्हा अडीच वाजले. या वेळी मी दटावलं नाही, त्याच्या शेजारी उकिडवा बसलो आणि त्याचं नाक वळेल तिकडे बघत राहिलो. आधी आंबा, मग कंपाउंडची भिंत, मग केबलची तार. मिनिटभरानं त्या तारेवरून एक लांब, काळपट शेपूट सावकाश पुढे सरकलं. दोन डोळे आमच्याकडे चमकले. खंड्या भुंकायचा थांबला, फक्त नाक हलत राहिलं.