चटई क्षेत्राची मोजणी

डोंबिवलीत अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर राहणाऱ्या माझ्या भाच्याने गेल्या वर्षी स्वतःच्या घराचा ध्यास घेतला, आणि मुलुंड, ठाणे, कल्याण अशी एकेक गावे त्याच्या मिळकतीच्या आवाक्याबाहेर निसटत गेल्यावर, एका रविवारी आम्ही उभयता बदलापूरला उतरलो. महारेराच्या संकेतस्थळावरून त्या प्रकल्पाची नोंदणी, जमिनीवरील बोजा आणि पूर्णत्वाची तारीख त्याने गाडीतच पाहून ठेवली होती. त्या तारखेला एकवार मुदतवाढ मिळालेली होती. जाहिरातीतली ‘स्टेशनपासून सात मिनिटे’ कोणत्या वाहनाची, याचा उलगडा मात्र रिक्षात बसूनही झाला नाही.

बांधकाम पाचव्या मजल्याशी थबकलेले. परंतु नमुना सदनिका सर्वांगांनी सजलेली. तिच्या खोल्यांना दारेच नव्हती, कारण उघडणारे दार जागा खाते. कपाट इतके उथळ, की त्यात टांगलेल्या सदऱ्याची बाही बाहेर राहावी; आणि पलंग किती लांबीचा, हे भाचा त्यावर आडवा होऊन त्याच्या पोटऱ्या अधांतरी लोंबल्या तेव्हाच ध्यानी आले. माहिती देणाऱ्या तरुणीने सौजन्याने नजर खिडकीकडे वळवली. मी खिशातून टेप काढली.

“सर, ब्रोशरमध्ये सगळं दिलंय,” ती म्हणाली.

दिले होते खरे. जिना, लिफ्ट, व्हरांडा यांचा हिस्सा गिऱ्हाइकाच्या माथी मारून क्षेत्र फुगवण्याचा जो जुना प्रघात, त्याला पायबंद बसावा म्हणून 2016 च्या रेरा कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या बांधून दिली. तीत बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी वगळली जाते, परंतु आतल्या भिंतींची जाडी धरली जाते. जिथे चटई अंथरणे केवळ अशक्य, त्या भिंतीखालच्या जागेलाही चटई क्षेत्रच म्हणावयाचे! कायदा करणाऱ्यांना विनोदाचे वावडे नसावे.

खरी गंमत किमतीची. सदनिका 43 लाखांची, पार्किंग 3 लाखांचे. आता, 2019 च्या एप्रिलपासून मुंबई महानगर प्रदेशातील जे बांधकामाधीन घर 60 चौरस मीटर चटई क्षेत्र आणि 45 लाख रुपये या दोन्ही मर्यादांत बसते, त्यास जीएसटी 1 टक्का, एरवी 5 टक्के; आणि त्या 45 लाखांत पार्किंगही मोजले जाते. म्हणजे वाहन नसलेल्या माझ्या भाच्याने वाहनाची जागा घेतली असती, तर 43 हजारांऐवजी 2 लाख 30 हजारांचा कर त्याच्या पदरी आला असता. पार्किंगवाचून घर मिळेल काय, असे त्याने विचारले. “वरिष्ठांना विचारून सांगते,” असे उत्तर मिळाले. पाठोपाठ, इसार आजच दिल्यास मजला निवडता येईल, अशी पुस्ती. नोंदणीकृत करारनाम्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, एवढे भाच्याने पाठ केलेले होते. त्याने त्या दिवशी काहीच दिले नाही.

परतताना उल्हास नदीच्या बाजूने आलो. 2019 च्या जुलैत याच नदीच्या पुराने महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकवून ठेवली होती, याचे स्मरण मला आधी का झाले नाही, कोण जाणे. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला, त्या साली पाणी इथवर आले होते काय, असे विचारताच त्याने गाळणे खाली ठेवले आणि हात कमरेशी नेला.

भाच्याने वही उघडून दर, क्षेत्र, कर या रकान्यांपुढे आणखी एक रकाना आखला.