कर्ज सर्वांचे, पाणी कुणाचे?

१९७२ च्या दुष्काळात माझी आई पाझर तलावाच्या कामावर होती. मी शाळकरी पोर. सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर मातीच्या पाट्या वाहत असे. पुढे पाऊस झाला, तलाव भरला. खालच्या अंगाच्या विहिरींना पाणी चढले आणि तिथे ऊस उभा राहिला. आमच्या वस्तीला जमीन नव्हती. म्हणून पाणीही नव्हते. तलावाचा पैसा कुठून आला, हे तेव्हा आम्ही कुणी विचारले नाही. आज ते विचारले पाहिजे, कारण पुढची मोठी धरणे आणि कालवे कर्जावर उभे राहिले.

कर्ज काढणे मुळात वाईट नव्हे. धरण पिढ्यान् पिढ्या टिकते. त्याचा सगळा खर्च एकाच पिढीच्या करातून काढणे अन्यायाचे होईल. ज्यांना लाभ, त्यांनी भार उचलावा, हे सार्वजनिक कर्जामागचे तत्त्व आहे. घटनेच्या २९३ व्या कलमाने राज्याला देशात कर्ज उभारण्याचा आणि हमी देण्याचा अधिकार दिला तो अशाच कामांसाठी वापरावा.

आता कृष्णा खोऱ्याचे उदाहरण घेऊ. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० अब्ज घनफूट पाणी दिले. ३१ मे २००० नंतर या वाटपाचा फेरविचार होऊ शकणार होता. त्याआधी पाणी अडवण्याची घाई सुरू झाली. तिजोरीत तेवढा पैसा नव्हता. म्हणून १९९६ साली कायद्याने महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याने शासनाच्या हमीवर रोखे विकून पैसा उभारला. आटपाडी, जत यांसारख्या दुष्काळी तालुक्यांसाठीच्या टेंभू, म्हैसाळ या उपसा योजना याच महामंडळाच्या.

रोख्याचा व्यवहार समजून घेतला पाहिजे. ज्याच्याजवळ शिल्लक पैसा आहे, तो रोखा घेतो आणि व्याज मिळवतो. कालवा अर्धवट राहिला तरी व्याज थांबत नाही. पाणीपट्टीतून देखभाल-दुरुस्ती भागली तरी पुष्कळ. मुद्दल आणि व्याज त्यातून फिटत नाही. मग हमीदार म्हणून शासन पुढे येते, म्हणजे राज्याचा अर्थसंकल्प. त्यात पैसा येतो करांतून : पूर्वी विक्रीकर, २०१७ पासून वस्तू व सेवा कर. पायात चप्पल घेताना भूमिहीन मजूरही तो भरतो.

रोखेधारकाला व्याज, लाभक्षेत्रातल्या जमीनमालकाला पाणी. ज्याच्याजवळ ना रोखा ना जमीन, त्याच्या वाट्याला फेड! कुणी म्हणेल, बागायत वाढली की मजुरीही वाढते. वाढते, हे मी नाकारत नाही. पण मजुरी मालकाच्या गरजेवर अवलंबून असते. तिला पाण्यावरचा हक्क म्हणता येणार नाही.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा राखलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, हे त्याचे सूत्र. कागदावरचा तो हक्क प्रत्यक्षात आणण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. पैसा सार्वजनिक, तर पाणीही सार्वजनिक. पिण्याच्या पाण्याला लावलेले हे सूत्र शेतीच्या पाण्याला का लागू नये?

ते लागू करता येते. पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी ठरवला, भूमिहीनालाही धरले आणि उसाला मनाई केली. हातात पाण्याचा वाटा असलेला माणूस दुसऱ्याची जमीन वाट्याने कसायला घेताना मान खाली घालून बोलत नाही.

म्हणून यापुढे धरणाच्या कर्जाला हमी देण्याचा विषय विधिमंडळात येईल, तेव्हा व्याजाच्या दराबरोबर आणखी एक आकडा आपण मागितला पाहिजे : यातले भूमिहीनाचे पाणी किती? आई गेली. तिने वाहिलेल्या मातीचा बांध अजून उभा आहे आणि आमची वस्ती अजून त्याच्या कोरड्या बाजूला आहे.