घरच्या प्रोजेक्टर पडद्यासाठी सरकतं मास्किंग

घरी प्रोजेक्टरवर सिनेमा लावला की बऱ्याचदा चित्राच्या वर आणि खाली दोन रिकाम्या पट्ट्या उरतात. त्या काळ्या असायला हव्यात, पण अंधार केला की राखाडी दिसतात. आज आपण या पट्ट्या झाकणारं मास्किंग घरच्या घरी बनवणार आहोत, तेही हवं तेवढं वर-खाली सरकवता येईल असं.

पट्टी राखाडी का दिसते?

प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. काळं म्हणजे प्रकाश नसणं, आणि प्रोजेक्टर चालू असेपर्यंत थोडा प्रकाश लेन्समधून बाहेर पडतच राहतो. तो पांढऱ्या पडद्यावर पडतो आणि आपल्याला राखाडी पट्टा दिसतो. चित्रातल्या रात्रीच्या आकाशातही हाच राखाडीपणा असतो, पण आपला डोळा काळेपणा शेजारच्या गोष्टीशी तुलना करून ठरवतो. चित्राला लागून खरोखर काळी कड असली की तेच आकाश जास्त गडद वाटतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मास्किंगने प्रोजेक्टरचा कॉन्ट्रास्ट वाढत नाही, फरक पडतो तो आपल्या डोळ्यांना. म्हणून खर्च करण्याआधी काळा कार्डपेपर आणून पट्ट्यांवर एक संध्याकाळ तात्पुरता लावून बघा. फारसा फरक वाटला नाही, तर बहुतेक तुमचं छत आणि भिंती पांढऱ्या आहेत आणि त्यांवरून उलटून येणारा प्रकाश चित्र फिकं करतोय. मग आधी खोलीचा रंग किंवा पडदे बदला.

मापं कशी काढायची?

आपण १०० इंची, १६:९ प्रमाणाचा, चौकटीवर ताणलेला पडदा धरू. त्याची रुंदी साधारण २२१ सेंटिमीटर आणि उंची १२४.५ सेंटिमीटर असते. चित्राची उंची काढायची तर रुंदीला चित्राच्या प्रमाणाने भागायचं.

२.३९:१ या स्कोप प्रमाणात चित्राची उंची सुमारे ९२.५ सेंटिमीटर होते, म्हणजे वर-खाली १६-१६ सेंटिमीटर झाकायचे. हल्ली बऱ्याच वेब सिरीज २:१ मध्ये असतात, तिथे साधारण ७-७ सेंटिमीटर. जुन्या सिनेमांत उलटं होतं. 'पथेर पांचाली' (१९५५) जवळजवळ चौकोनी, १.३७:१ मध्ये आहे. तिथे डावी-उजवीकडून साधारण २५ सेंटिमीटर झाकावे लागतात, आणि नेमक्या ४:३ चित्राला २८. चारच वर्षांनंतरचा 'कागज़ के फूल' (१९५९) मात्र सिनेमास्कोप आहे. एकाच घरात दोन्ही बघायचे असतील, तर मास्किंग सरकतंच हवं.

बांधणी

पट्ट्यांसाठी ५ मिलिमीटरचा सनबोर्ड घ्या, फलक बनवणाऱ्यांकडे मिळतो. ८ बाय ४ फुटी एका शीटमधून चारही पट्ट्या निघतात. वरची आणि खालची पट्टी १८ सेंटिमीटर रुंद ठेवा. लांबी अशी घ्या की टोकं दोन्हीकडच्या चौकटीवर येतील. बाजूच्या दोन पट्ट्या ३० सेंटिमीटर रुंद पुरतात. लांब सनबोर्ड मध्ये वाकतो, म्हणून मागून ॲल्युमिनियमची हलकी पट्टी किंवा अँगल लावा.

वर काळं मखमली कापड चिकटवा. चकाकणारं वेल्वेट नको. दुकानातच मोबाइलचा टॉर्च तिरका मारून बघा, सगळ्यात कमी चमकेल ते घ्या. मखमलीची लव एका दिशेने गडद आणि उलट दिशेने फिकी दिसते, त्यामुळे सगळ्या पट्ट्यांवर लव एकाच दिशेने ठेवा.

आता सरकण्याची सोय. पडद्याच्या चौकटी बहुतेक ॲल्युमिनियमच्या असतात, त्यांना चुंबक चिकटत नाही. म्हणून चौकटीच्या डाव्या आणि उजव्या उभ्या बाजूंवर लोखंडी पट्टी स्क्रूने बसवा. ती वर-खाली चौकटीच्या १५ सेंटिमीटर बाहेर येऊ द्या आणि तिला चमक नसलेला काळा रंग द्या. भिंतीला भोक पाडावं लागत नाही, म्हणून भाड्याच्या घरातही हे जमतं.

सनबोर्डच्या मागे दोन्ही टोकांना निओडिमियम चुंबक पक्के बसवा, कापडाखाली दाबू नका. पण फक्त चुंबकांवर भरवसा ठेवू नका. चुंबकावर लिहिलेली ताकद सरळ ओढण्याची असते, खाली घसरण्याविरुद्ध ती बरीच कमी पडते. म्हणून लोखंडी पट्टीवर नेहमीच्या मापांच्या जागी छोटे स्क्रू लावा. पट्टी त्यांवर टेकते आणि अंधारातही जागा बोटांना लागते. बाजूच्या पट्ट्यांना आकडे लावून त्या वरच्या चौकटीवर टांगल्या तरी चालतात.

मास्किंग पडद्याच्या जितकं जवळ तितकी कड रेखीव येते, फक्त पडद्याला घासू देऊ नका.

दोन ठिकाणी जपा

पहिलं, सबटायटल्स. मल्याळम किंवा बंगाली सिनेमा बघताना काही वेळा ओळी खालच्या रिकाम्या पट्टीत येतात, आणि मास्किंग त्याच झाकून टाकतं. प्लेअरमध्ये सबटायटल वर घेण्याची सोय आहे का बघा. नसेल तर त्या सिनेमापुरती खालची पट्टी काढून ठेवा.

दुसरं, मध्येच प्रमाण बदलणारे सिनेमे. 'द डार्क नाइट'च्या (२००८) ब्लू-रेमध्ये आयमॅक्सची दृश्यं पूर्ण पडदा भरतात आणि बाकीची रुंद पट्टीत येतात. असा सिनेमा मास्किंग न लावताच बघा. दिग्दर्शकाने दिलेली पूर्ण चौकट दिसावी म्हणून तर आपण हा खटाटोप करतोय, तीच चौकट आपल्या हाताने कापायची नाही.