पदवी मिळाली, तरी नोंदणीविना वैद्यकीय व्यवसाय नाही

नवी दिल्ली : एमबीबीएसची अंतिम परीक्षा उत्तीर्ण होताच डॉक्टरला दवाखाना थाटता येतो, हा समज चुकीचा आहे. साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमानंतर राज्य वैद्यकीय परिषद आधी तात्पुरती नोंदणी देते. तिच्या आधारे केवळ एक वर्षाची सक्तीची आंतरवासिता करता येते. ती पूर्ण झाल्यावरच कायम नोंदणी होऊन स्वतंत्र व्यवसायाचा अधिकार प्राप्त होतो.

परदेशात शिकलेल्या भारतीयांना ‘एफएमजीई’ या पात्रता परीक्षेत ३०० पैकी किमान १५० गुण मिळवावे लागतात. महाराष्ट्रात दर ५ वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण आवश्यक असून, त्यासाठी निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे ३० श्रेयांक लागतात.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार नोंदणीविना व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मात्र, शिक्षा होईपर्यंत तोतया डॉक्टरच्या उपचारांची किंमत रुग्णाने मोजलेली असते. त्यामुळे औषधचिठ्ठीवरील नोंदणी क्रमांक परिषदेच्या नोंदवहीशी ताडून पाहणे, ही रुग्णाच्या हाती असलेली साधी खबरदारी ठरते.