आयटम चार

संपादकांनी पाठवलं ते ‘पुण्यात बसून अमेरिकेचे हिशेब बघणाऱ्या पोरांवर काहीतरी लिहा’ असं सांगून. खराडीच्या त्या काचेच्या इमारतीत रात्रपाळी, कॅब, पिझ्झा असलं काहीतरी सापडेल असं मी धरून चाललो होतो. सापडला तो चार ओळींचा एक तक्ता, आणि तो दिवसभर वाचत बसणारी एक मुलगी.

मुलगी म्हणजे तिशीची. बार्शीची बी.कॉम., सीए इंटर झालेली, फायनल दोनदा हुकलेली. ‘नाव छापू नका, सर,’ हे तिनं आधीच सांगून टाकलं. काम काय, तर अमेरिकेतल्या म्युच्युअल फंडांनी आपापल्या ऑडिटरला वर्षाला किती फी दिली ते शोधायचं आणि कोष्टकात भरायचं. असलं कोष्टक लागतं कुणाला? ऑडिट पेढ्यांना, दुसरे काय भाव लावतात ते बघायला. फंडांच्या ऑडिट समित्यांना, आपण जास्त तर मोजत नाही ना, हे ताडून बघायला. आणि प्राध्यापकांना. त्यांच्याविषयी पुढे.

इतिहास थोडक्यात. एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीनं २००० साली आर्थर अँडरसन या आपल्या ऑडिट पेढीला ऑडिटपोटी अडीच कोटी डॉलर दिले आणि सल्ल्याबिल्ल्यापोटी २ कोटी ७० लाख. तपासणाऱ्याचं पोट दुसऱ्याच खिशातून भरत असेल तर तपासणी कसली? एन्रॉन बुडाली, पाठोपाठ अँडरसनही. २००२ मध्ये सार्बेन्स-ऑक्सली कायदा आला आणि २००३ पासून फंडांच्या माथी एन-सीएसआर नावाचा फॉर्म बसला. त्यातला आयटम चार विचारतो की ऑडिटरनं गेल्या दोन आर्थिक वर्षांत तुम्हाला किती बिल लावलं: ऑडिटचं, ऑडिटला लागून असलेल्या कामांचं, करांच्या कामाचं आणि उरलेलं. चार ओळी, दोन वर्षं, आठ आकडे.

आठ आकड्यांना माणूस कशाला लागतो, हा माझा प्रश्न तिला नवा नव्हता. तिनं खुर्ची जरा सरकवून मला स्क्रीन दाखवला. अमेरिकी नियामक एसईसीच्या ‘एडगर’ या साठ्यातून फायली यंत्रच उतरवतं, सेकंदाला दहापेक्षा जास्त वेळा दार ठोठावायचं नाही हा तिथला नियम पाळून. पण फाइल उघडली की यंत्र गांगरतं. आयटम चार कसा लिहायचा त्याचा साचाच नाही. कुणी नीट तक्ता देतं. कुणी आठही आकडे एका लांबलचक वाक्यात गुंफतं. कुणी डॉलरमध्ये लिहितं, कुणी हजारांत, आणि ‘हजारांत’ हा शब्द दोन पानं आधी कुठेतरी येऊन गेलेला असतो. सहामाही अहवालात तर तिथे ‘लागू नाही’ एवढंच.

‘हे बघा,’ ती म्हणाली. एका फायलीत करांच्या ओळीत शून्य, दुसरीत आडवी रेघ, तिसरीत जागा कोरी. ‘शून्य म्हणजे दिले नाहीत. रेघ म्हणजे बहुतेक दिले नाहीत. कोरं म्हणजे विचारायला हवं, पण विचारणार कुणाला?’ कोऱ्या जागी ती शून्य घालत नाही. तिच्या आधीचा घालायचा. त्याची दोन वर्षांची कोष्टकं तिनं पुन्हा केली, कुणी सांगितलं नसताना.

गंमत अशी की एन-सीईएन हा दुसरा वार्षिक फॉर्म यंत्राला थेट वाचता येतो. त्यात ऑडिटरचं नाव असतं, नोंदणी क्रमांकही असतो. फी मात्र विचारलेलीच नाही. पान मांडलं, मीठ-लिंबू वाढलं, आणि वरण-भात दुसऱ्या पंगतीत.

इथवर मला हे सगळं चिकाटीनं सुटेल असं वाटत होतं. मग तिनं ट्रस्ट उघडला.

अमेरिकेत नोंदणी बहुधा ट्रस्टची असते आणि एका ट्रस्टच्या पोटात कधी दोन फंड, कधी पन्नास. आयटम चार ट्रस्टचा आकडा मागतो. समजा, दहा फंडांच्या ट्रस्टनं पाच लाख डॉलर दिले. मग एका फंडाचे पन्नास हजार? छे. साधा निर्देशांक फंड तपासणं वेगळं आणि ज्यांना रोजचा बाजारभावच नाही असले रोखे बाळगणारा फंड तपासणं वेगळं. त्यात एकाच ट्रस्टच्या काही फंडांचं वर्ष डिसेंबरला संपतं, काहींचं ऑक्टोबरला. वर्षातून दोन-तीन एन-सीएसआर येतात. कधी प्रत्येकात त्या त्या फंडांपुरती फी, तर कधी प्रत्येकात अख्ख्या ट्रस्टची. बेरीज करायची की नाही, हे तळटीप वाचल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे सेबीच्या १९९६ च्या नियमावलीत ऑडिट फी योजनेच्याच खर्चात धरली होती. हा गुंता बघितल्यावर त्या कलमाबद्दल मला पहिल्यांदाच माया वाटली.

सगळ्यात चिवट उपकलम ‘जी’. ऑडिटरनं ऑडिट सोडून इतर कामांसाठी ट्रस्टकडून आणि त्याचा पैसा सांभाळणाऱ्या सल्लागार कंपनीकडून, तिच्या सख्ख्या कंपन्यांसकट, किती घेतले ते इथे एकत्र द्यायचं. हेतू चांगला; एन्रॉनचा दुसरा खिसा तो हाच. पण एका सल्लागाराचे वीस ट्रस्ट असले आणि ऑडिटर एकच असला, तर सल्लागाराकडचा तोच पैसा वीसही फायलींत उमटतो. बेरीज मारली की एका बिलाची वीस बिलं.

‘शेऱ्यांचा रकाना आहे ना त्यासाठी,’ ती म्हणाली. ‘लिहिते मी, पुनरावृत्ती आहे, बेरीज करू नये.’

‘प्राध्यापक वाचतात?’

‘डाउनलोडमध्ये तो रकाना डीफॉल्ट बंद असतो, सर.’

माझी काळजी इथून सुरू झाली. त्या कोष्टकावरून सरासरी निघणार, सरासरीवरून कुणाची तरी फी महाग ठरणार, आणि बार्शीच्या मुलीनं सावधपणे लिहिलेली ओळ कुणाच्याच पडद्यावर नसणार. शिवाय खासगी हेज फंडांना हा फॉर्म लागूच नाही. २००८ च्या डिसेंबरात मॅडॉफ या न्यूयॉर्कच्या गुंतवणूक सल्लागाराचा घोटाळा फुटला, तेव्हा त्याच्या अब्जावधींचं ऑडिट न्यूयॉर्कजवळच्या तीन माणसांच्या पेढीकडे असल्याचं निघालं. त्याच्याकडे पैसा वळवणारे खासगी फंड असल्या कोष्टकात शोधूनही मिळाले नसते.

निघालो तेव्हा मार्चचा पहिला आठवडा होता. डिसेंबरला वर्ष संपणाऱ्या फंडांच्या फायली याच दिवसांत येतात, आणि एडगरचं दार आपल्या दुपारनंतर उघडतं. बाकीचं ऑफिस चहाला उठलं होतं. तिच्या पडद्यावर नवी फाइल होती: ऑडिटर तोच, फंड तितकेच, फी जवळजवळ दुप्पट, कारण कुठेच नाही. तिनं आधी गेल्या वर्षीची फाइल शेजारी उघडली, ‘हजारांत’ हा शब्द कुठे राहून गेलाय का ते बघायला.