अंधेरी सबवे भरलाय? मग गेरू भिजवा!

सबवेत पाणी साचलं, शाळेचा सुट्टीचा मेसेज आला, की आमच्याकडे 'किशोर' उघडतो. बालभारतीचं हे मासिक १९७१ सालापासूनचं, आणि जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. पोरांपेक्षा आईबापच जास्त रमतात, आधीच सांगून ठेवते!

वाचून डोळे थकले की वारली चित्रं. साहित्य घरचंच: तांदळाची पिठी, पाणी, थोडा डिंक. कुंड्यांना लावतो तो गेरू खाकी कागदावर फासायचा आणि नीट वाळू द्यायचा (पावसाळ्यात पंख्याखाली). सगळा खेळ वर्तुळ, त्रिकोण, चौकोनाचा. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले की माणसाचं धड तयार! डहाणूकडे बांबूच्या काडीचं टोक चावून कुंचला करतात. आपल्याला टूथपिक चालते.

पूर्वी वारल्यांकडे लग्नाचं चित्र, म्हणजे चौक, सुवासिनी काढत, घराच्या भिंतीवर. जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणून जगभर पोहोचवली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तयार स्टेन्सिल मात्र घेऊ नका, त्यानं हात बसतच नाही. पहिली माणसं वाकडीच येतील, तरी त्यांचे फोटो नक्की टाका.